आयर्लंडची ग्रुप टूर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आयर्लंड नकाशावर छोटा दिसतो. उत्तर-दक्षिण मिळून अख्खं बेट साधारण 84,000 चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. त्यामुळे 'चार-पाच दिवसांत सगळं उरकेल' असं वाटतं आणि टूरची पत्रकंही तसंच सुचवतात. प्रत्यक्षात या देशाचा खरा ऐवज पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथले रस्ते अरुंद, दगडी बांधांच्या मधून वळणं घेत जाणारे. पन्नास आसनांचा कोच तिथे सावकाशच जातो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच गोष्ट परत परत सांगते: टूर निवडताना ठिकाणं मोजू नका, मुक्काम मोजा. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

आधी बेट समजून घ्या

या एका बेटावर दोन वेगवेगळ्या सत्ता आहेत. 26 काउंटींचं स्वतंत्र आयर्लंड, राजधानी डब्लिन, चलन युरो. ईशान्येकडच्या 6 काउंटींचं उत्तर आयर्लंड, मुख्य शहर बेलफास्ट, चलन पौंड, आणि तो युनायटेड किंगडमचा भाग. मधे नाका नाही, बॅरिअर नाही. रस्त्यावरच्या पाट्यांवर किलोमीटर जाऊन मैल आले की समजायचं, सीमा मागे पडली.

नाका नाही म्हणजे व्हिसा लागत नाही, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. भारतीय पासपोर्टवर दक्षिणेसाठी आयर्लंडचा आणि उत्तरेसाठी ब्रिटनचा प्रवेश हवाच. अधूनमधून बस थांबवून कागद पाहिले जातात. टूरमध्ये बेलफास्ट किंवा जायंट्स कॉजवे हा उत्तरेचा दगडी किनारा असेल, तर बुकिंग करण्याआधीच हा प्रश्न सोडवायचा.

टूर कुणाकडून घ्यायची

ढोबळमानाने तीन पर्याय आहेत. पहिला, महाराष्ट्रातून निघणारा ग्रुप. यात आयर्लंड बहुतेक वेळा इंग्लंड-स्कॉटलंडला जोडलेला असतो आणि त्याच्या वाट्याला तीन-चार रात्री येतात. सोबत आपला टूर मॅनेजर, रात्री भारतीय जेवण, व्हिसाच्या कागदपत्रांना मदत. पूर्ण शाकाहारी ज्येष्ठांसाठी किंवा परदेशात पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हा पर्याय उत्तम, यात शंका नाही.

दुसरा, आयर्लंडमधल्याच कंपनीची आठ-दहा दिवसांची कोच टूर. तुम्ही डब्लिनला पोहोचायचं, तिथून ग्रुपला मिळायचं. बरोबर अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन मंडळी असतात, त्यातले कितीतरी जण पणजोबांचं गाव शोधायला आलेले. या टूरचा प्राण म्हणजे ड्रायव्हर-गाइड. गाडी तोच चालवतो आणि माइकवर बोलतोही तोच. दुष्काळ, जमीनदार, हर्लिंग या तिथल्या खेळाचा सामना, आपल्या आजीचं शेत, सगळं त्याच्या बोलण्यात येतं. आयरिश माणूस बोलका असतो आणि गोष्ट सांगणं ही तिथे मानाची कला आहे. उच्चारांना कान सरावायला एक दिवस लागतो, तेवढा धीर धरायचा.

तिसरा, डब्लिनला किंवा पश्चिमेच्या गॉलवेला राहून रोज सकाळी निघणाऱ्या एकदिवसीय कोच सहली. मुलगा-सून किंवा लेक-जावई डब्लिनला नोकरीला आहेत आणि आई-बाबा दोन महिने राहायला गेले आहेत, अशा घरांसाठी हा पर्याय सगळ्यात सोयीचा. मुलांच्या सुट्टीची वाट बघत घरात बसायला नको.

पश्चिम किनारा नीट बघायचा असेल, तर सोळा-अठरा जणांची मिनी कोच टूर घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे जास्त पडतात, पण डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाकडचा स्ली हेडसारखा रस्ता मोठ्या कोचला झेपत नाही. छोट्या गाडीला ती वाट मोकळी असते.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचायची

यावर एक संध्याकाळ खर्च करा. मोबाइलवर नकाशा उघडा, हातात पेन घ्या आणि पत्रकातल्या प्रत्येक दिवसासमोर दोन आकडे लिहा: गाडीत किती तास आणि एका ठिकाणी किती रात्री.

काही अंतरं सांगते, म्हणजे अंदाज येईल. डब्लिन ते गॉलवे सुमारे 210 किलोमीटर, मोटरवे असल्यामुळे अडीच तास. डब्लिन ते बेलफास्ट साधारण 165 किलोमीटर, दोन तास. पण डब्लिन ते क्लिफ्स ऑफ मोहर हे पश्चिमेचे समुद्रकडे कोचने साडेतीन तासांच्या आसपास, कारण शेवटचा टप्पा लहान रस्त्यांचा. रिंग ऑफ केरी हा 179 किलोमीटरचा वळसा, तो थांबे धरून अख्खा दिवस खातो. आता एखाद्या पत्रकात 'दिवस तिसरा: डब्लिन, क्लिफ्स ऑफ मोहर, लिमरिक, किलार्नी' असं दिसलं, तर समजा की दिवसाचे सहा-सात तास खिडकीतूनच जाणार. तेही वाईट नाही, आयर्लंड खिडकीतूनही सुंदरच दिसतो. पण रोजच तसं असेल तर चौथ्या दिवशी सगळा कोच दुपारी झोपलेला असतो.

शब्दांकडेही लक्ष द्या. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं खाली उतरणं. 'ओरिएंटेशन टूर' म्हणजे बसमधून शहरभर फेरी. 'बाहेरून दर्शन' म्हणजे तिकीट आपल्या पैशांत नाही. 'प्रवेशासह' असं लिहिलेलं असेल तेवढंच आतून. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजसमोर उभं राहून फोटो काढणं आणि आत जाऊन बुक ऑफ केल्स हे बाराशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित पाहणं यात फार अंतर आहे, पत्रकात मात्र दोन्हींसाठी 'ट्रिनिटी कॉलेज' एवढंच छापलेलं असू शकतं.

हॉटेल कुठे आहे तेही विचारा. 'डब्लिन परिसर' असं लिहिलं असेल तर ते विमानतळाजवळ किंवा शेजारच्या काउंटीतही असू शकतं. मग संध्याकाळी शहरात पायी फिरणं संपलंच. किलार्नी किंवा गॉलवेसारख्या गावात मधोमध हॉटेल असेल, तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका. जेवून बाहेर पडलं की दोन मिनिटांत बाजारपेठ, संगीत, माणसं.

आणि एक रात्र इथे, एक रात्र तिथे अशी पळापळ असलेली टूर टाळा. निदान दोन ठिकाणी सलग दोन रात्री हव्यातच. रोज पहाटे बॅग भरून दारात ठेवण्याचा शीण वरवर कळत नाही, पण तो साठत जातो.

कोणता महिना

मे, जून आणि सप्टेंबर. मे महिना आपल्या शाळांच्या सुट्टीत येतो, आणि तिथे तो तुलनेने कोरडा. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे जेवण झाल्यावरही गाव बघायला उजेड असतो. डिसेंबरमध्ये हेच गणित उलटतं, साडेचारच्या आत अंधार. स्वस्त मिळते म्हणून हिवाळ्यातली टूर घेतली, तर निसर्गाचा भाग जवळजवळ सोडूनच द्यावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाव दोन्ही चढे. जुलैअखेर गॉलवेला घोड्यांच्या शर्यती असतात, त्या आठवड्यात तिथे खोली मिळणं मुश्किल.

पावसाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. डब्लिनचा वर्षाचा पाऊस पुण्याच्या जवळपास, साडेसातशे मिलिमीटरच्या आगेमागे. फरक एवढाच की पुण्याचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि डब्लिनचा बारा महिन्यांवर पसरलेला असतो, रोज थोडा थोडा. पश्चिमेला तो बराच जास्त. एका तासात ऊन, भुरभुर, वारा, पुन्हा ऊन असं चालतं. पाऊस आला म्हणून तिथे कुणी कार्यक्रम रद्द करत नाही.

व्हिसा आणि विमान

आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेन या युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटात नाही. म्हणजे पासपोर्टवर फ्रान्सचा किंवा जर्मनीचा व्हिसा असला, तरी तो इथे चालत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग छापील प्रत आणि कागदपत्रं व्हिसा केंद्रात द्यायची. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. ती खिडकी उघडली की लगेच करा, शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र, टूर कंपनीची दिवसवार कार्यक्रमपत्रिका आणि 'मी का जातो आहे, खर्च कोण करणार, परत का येणार' हे साध्या शब्दांत सांगणारं एक पत्र. हे शेवटचं पत्र मनापासून लिहा. खात्यात अर्जाच्या आधी अचानक मोठी रक्कम आलेली दिसली, तर ती कुठून आली याचा कागद जोडा.

व्हिसा हातात येण्याआधी विमानाची परत न मिळणारी तिकिटं काढू नका. टूर कंपनीला पहिला हप्ता देताना व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्या.

उत्तर आयर्लंडसाठी भारतीयांना ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा मोठा आधार आहे. त्या योजनेची नोंद असलेला एकच व्हिसा दोन्हीकडे चालतो. अट अशी की ज्या देशाने तो दिला, त्या देशात आधी उतरायचं. ही नोंद नसेल, तर दोन वेगळे व्हिसा काढावे लागतात. अशा वेळी आयर्लंडचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर बेलफास्टहून परत डब्लिनला येणं हा दुसरा प्रवेश धरला जातो. म्हणून अर्ज करतानाच पूर्ण मार्ग सांगा आणि त्या वेळचा नियम आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. एजंट सांगतो त्यावर विसंबू नका.

विमानासाठी दुबई, अबू धाबी किंवा दोहामार्गे जाणं सरळ पडतं. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं, तर ट्रान्झिट व्हिसा लागेल का, हे आधी पाहा. ग्रुपला डब्लिनमध्ये मिळायचं असेल, तर एक रात्र आधी पोहोचा. पहिल्याच सकाळी कोच चुकला, तर पुढचे सगळे दिवस त्याच्या मागे धावण्यात जातात.

पैसे

भारतातून घेतलेल्या परदेशी टूर पॅकेजवर जीएसटी आणि टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर) लागतो. टीसीएसची रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करता येते, पावती जपून ठेवा. तिकडे जवळपास सगळीकडे कार्ड टॅप करून चालतं. फॉरेक्स कार्डावर युरो ठेवा, उत्तरेला जाणार असाल तर थोडे पौंडही. रोख फक्त टिपसाठी आणि खेड्यातल्या एखाद्या दुकानासाठी.

टिप हा विषय आधीच मोकळा करून घ्या: ड्रायव्हर-गाइडची टिप टूरच्या किमतीत धरली आहे की वेगळी, हे पत्रकात असतं. रेस्टॉरंटमध्ये टेबलवर वाढलं असेल तर साधारण दहा टक्के, पबच्या काउंटरवर काही नाही.

नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली घरून न्या. फेब्रुवारी 2024 पासून तिथे पेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि धातूचे कॅन यांवर अनामत घेतात: लहानाला 15 सेंट, मोठ्याला 25. सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये रिकामी बाटली टाकली की पैसे परत मिळतात.

सिमकार्ड किंवा ई-सिम घेताना ते युरोपबरोबर ब्रिटनमध्येही चालतं ना, हे विचारा. सीमा ओलांडताच फोन ब्रिटिश नेटवर्क पकडतो आणि फक्त युरोपचा प्लॅन असेल तर इंटरनेट बंद पडतं किंवा बिल वाढतं.

बॅगेत काय

माणशी एक मोठी बॅग आणि एक हातातली, हा कोचचा नियम कडक असतो. जुन्या हॉटेलांत लिफ्ट असेलच असं नाही, तेव्हा स्वतःला जिना चढवता येईल एवढीच बॅग भरा.

छत्री घरीच ठेवा. अटलांटिकच्या वाऱ्यात ती दुसऱ्या मिनिटाला उलटी होते. टोपी असलेलं, पाणी आत न घेणारं जाकीट हवं, आणि त्याच्या आत एकावर एक पातळ थर: बनियन, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर. उन्हाळ्यातही तापमान 15 ते 20 अंशांच्या घरात. बूट ओल्या दगडावर न घसरणारे हवेत. साडी नेसणाऱ्यांनी कड्यांवरच्या दिवसासाठी सलवार किंवा पँट ठेवलेली बरी, तिथला वारा पदर आवरू देत नाही. प्लग तिथे ब्रिटनसारखे तीन चौकोनी पिनांचे, अडॅप्टर न्या. औषधं मूळ वेष्टणात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

खाऊ नेताना एक नियम पक्का लक्षात ठेवा. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर, तूप राहू द्या. हापूसची पेटीसुद्धा, कारण बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. कोरडा चिवडा, भडंग, चिक्की, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

तिथलं खाणं

सकाळचा आयरिश नाश्ता भरभक्कम: अंडी, बेकन, सॉसेज, भाजलेला टोमॅटो, मशरूम, बीन्स. त्यात ब्लॅक पुडिंग नावाच्या काळ्या चकत्या असतात, त्या डुकराच्या रक्ताच्या. गोड पदार्थ समजून शाकाहारी माणसाने उचलू नयेत. शाकाहाऱ्यांसाठी पॉरिज, ब्राउन ब्रेड, सोडा ब्रेड, चीज, फळं असतात आणि पोट छान भरतं. दुपारी सूप आणि ब्रेड सगळीकडे मिळतो, पण भाज्यांच्या सुपातही चिकनचा स्टॉक असू शकतो, तेव्हा विचारून घ्या. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आणि जैन मंडळींनी बुकिंगच्या वेळी लेखी कळवायचं आणि आदल्या संध्याकाळी गाइडला पुन्हा आठवण द्यायची. खेड्यातल्या हॉटेलाला आयत्या वेळी सांगितलं, तर हाती फ्रेंच फ्राइज येतात.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. चाउडर नावाचं दाटसर सूप, त्यात सामन, शिंपले, बटाटा आणि क्रीम. चहा कडक, दूध घालून, मोठ्या मगात, दिवसातून कितीदाही. आपल्या माणसाला त्या बाबतीत परकं वाटत नाही.

कोचमधली शिस्त

सकाळी सात-साडेसातला बॅगा खोलीबाहेर, साडेआठच्या आसपास कोच निघतो, आणि तो खरंच निघतो. बऱ्याच टूरवर आसनं रोज बदलतात. पुढची जागा धरण्यासाठी पहाटे रुमाल टाकू नका, त्यावरून ग्रुपमध्ये कडवटपणा येतो.

'इथे दोन मिनिटं थांबा ना' किंवा 'अजून एक ठिकाण करून जाऊ' असं ड्रायव्हरला म्हणायचा मोह होतो. त्याचे हात बांधलेले असतात, हे समजून घ्या. युरोपियन नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती बंधनकारक आणि दिवसाला साधारणपणे नऊच तास चालवता येतं. गाडीतलं यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवतं. तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात, तर ती वीस मिनिटं पुढच्या ठिकाणातून कापली जातात, सगळ्यांच्याच.

खेड्यांत, विशेषतः आयरिश भाषा बोलणाऱ्या भागात, स्वच्छतागृहावर कधी कधी फक्त आयरिश पाटी असते: 'फिर' पुरुषांसाठी, 'म्नॉ' बायकांसाठी.

डब्लिन: मोकळा वेळ कुठे घालवावा

लिफी नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं हे शहर पायी फिरायचं. ग्रुपच्या कार्यक्रमात गिनीस बिअरचं स्टोअरहाउस बहुतेक असतंच. 1759 साली आर्थर गिनीसने ही जागा वर्षाला 45 पौंड भाड्याने 9,000 वर्षांच्या करारावर घेतली होती. बिअर पीत नसलात तरी वरच्या मजल्यावरून अख्खं शहर दिसतं.

पण मोकळी दुपार मिळाली, तर मी सांगेन किल्मेनम तुरुंग. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावातल्या चौदा नेत्यांना इथल्या आवारात गोळ्या घातल्या. त्यांतला जेम्स कॉनली इतका जखमी होता की त्याला खुर्चीला बांधून गोळ्या घालाव्या लागल्या. अंदमान आणि येरवडा ज्यांनी वाचलेलं आहे, त्या मराठी माणसाला इथल्या कोठड्या वेगळं काही सांगायची गरज ठेवत नाहीत. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, लवकर संपतात. ओकॉनेल स्ट्रीटवरचं जनरल पोस्ट ऑफिस हे त्या उठावाचं केंद्र, आजही चालू टपाल कार्यालय आहे.

डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटी संग्रहालय फुकट आहे आणि तिथे मुघल चित्रांचा सुरेख संग्रह आहे. राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रीय कलादालनही फुकट. जेवणासाठी विक्लो स्ट्रीटवरचं कॉर्नुकोपिया, शाकाहारी आणि जुनं.

गाइडशी गप्पा रंगल्या की भारताचा विषय निघतोच. आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या 1937 च्या घटनेवरून घेतलेली आहेत, हे तिथल्या कित्येकांना ठाऊक नसतं आणि सांगितलं की आनंद होतो. लिओ वराडकर त्यांना नक्कीच ठाऊक असतात. दोनदा पंतप्रधान झालेल्या या नेत्याच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.

न्यूग्रेंज: कार्यक्रमात नसेल तर एक दिवस काढा

डब्लिनच्या उत्तरेला तासाभरावर बॉइन नदीच्या काठी ही सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी समाधी आहे, इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी. स्वतःची गाडी थेट नेता येत नाही. स्वागत केंद्रातून त्यांच्या बसने जायचं, आणि थोडी थोडी माणसं आत सोडतात. वाट जेमतेम 19 मीटरची, पण इतकी अरुंद की काही ठिकाणी खांदे तिरके करून सरकावं लागतं. आतल्या गाभाऱ्यात पोहोचलं की वर दगडांवर दगड रचून केलेलं छत, त्यातून इतक्या शतकांत पाणी आत आलेलं नाही. मग गाइड दिवे बंद करते. 21 डिसेंबरच्या आसपास उगवत्या सूर्याची तिरीप दारावरच्या झरोक्यातून थेट इथवर येते, ती कशी येते हे दिव्याने दाखवतात. जमिनीवरून एक पिवळी रेघ हळूहळू पुढे सरकते. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी बाहेरच थांबावं, बाहेरचे कोरीव दगडही बघण्यासारखे आहेत. मोठ्या ग्रुप टूर बहुधा हे गाळतात, मला ते फार खटकतं.

पश्चिमेचा किनारा

क्लिफ्स ऑफ मोहर समुद्रातून 214 मीटर उंच उठतात. धुकं असेल तर हात पुढे केला तरी काही दिसत नाही, आणि अर्ध्या तासात तेच धुकं सरकून सगळा कडा उघडा पडतो. म्हणून इथे किमान दीड-दोन तास देणारी टूर घ्या. काठाजवळची माती ठिसूळ असते, कुंपणापलीकडे एक पाऊलही टाकू नका. पायवाटेचे काही भाग सुरक्षेसाठी बंद ठेवतात. एप्रिल ते जुलैमध्ये कपारींत पफिन पक्षी दिसतात, दुर्बीण असेल तर न्या.

कड्यांहून निघालं की बरेन लागतं, मैलोन्‌मैल उघडा चुनखडक. बसमधून ओसाड वाटतं, पण उतरून खाली वाका. दगडांच्या भेगांत निळी, पांढरी रानफुलं असतात. मे महिन्यात ती भरात.

किलार्नीहून रिंग ऑफ केरी करताना मोठे कोच घड्याळाच्या उलट दिशेने जातात, समोरासमोर अडकू नयेत म्हणून. समुद्र बहुतेक वेळ उजव्या हाताला राहतो, त्या दिवशी जमलं तर उजवीकडची खिडकी घ्या. वाटेत मेंढपाळ कुत्र्यांचं प्रात्यक्षिक ठेवलेलं असतं. पर्यटकांसाठीचं असलं तरी जरूर बघा. धनी डोंगराच्या पायथ्याशी उभा राहून नुसती शीळ घालतो आणि वर ठिपक्याएवढा दिसणारा कुत्रा तीस मेंढ्या वळवून आणतो.

चुंबला की बोलण्यात चातुर्य येतं अशी समजूत असलेला ब्लार्नी किल्ल्यातला दगड चुंबायचा तर अरुंद गोल जिन्याने वर चढून, उताणं झोपून डोकं मागे टाकावं लागतं. गुडघे किंवा मान दुखत असेल तर खालच्या बागेत वेळ घालवा, ती सुंदर आहे. कॉर्कजवळचं कोव्ह हे टायटॅनिकचं शेवटचं बंदर, 11 एप्रिल 1912 ला ती इथून निघाली. त्याच बंदरातून लाखो आयरिश माणसं देश सोडून गेली. 1845 ते 1852 च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त परदेशी गेली. पश्चिमेच्या टेकड्यांवर छप्पर उडालेली दगडी घरं दिसतील, तेव्हा गाइडला त्याबद्दल विचारा.

कॉर्क काउंटीच्या नैर्ऋत्य टोकाला अहाकिस्ता गावात आणखी एक जागा आहे. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटात याच समुद्रावर पडलं, 329 जण गेले. किनाऱ्यावर त्यांचं स्मारक आहे आणि गावकरी दरवर्षी तिथे जमतात. ग्रुप टूर तिथे जात नाहीत, पण त्या भागात स्वतंत्र गाडी घेऊन फिरणार असाल तर जरूर थांबा.

उत्तरेला गेलात तर

जायंट्स कॉजवेला सुमारे 40,000 बेसॉल्टचे खांब आहेत, लाव्हा थंड होताना तडकून बनलेले. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच, त्यामुळे दगड ओळखीचा वाटतो, पण हे रचल्यासारखे षट्‌कोन लाटांपर्यंत गेलेले पाहणं वेगळंच. बेलफास्टमध्ये टायटॅनिक संग्रहालयाबरोबर शांतताभिंतींची, म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मधे उभारलेल्या भिंतींची, फेरी घ्या. त्यांच्यातला हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतरही त्या भिंती उभ्या आहेत. तिथे गाइडला प्रश्न विचारा, पण कोणती बाजू बरोबर असा वाद घालू नका. ऐकणाऱ्यांत ज्यांच्या घरातली माणसं गेली असेही असू शकतात.

संध्याकाळ पबमध्ये

दारू न पिणाऱ्या मराठी कुटुंबांनी पब टाळण्याचं कारण नाही. 2004 पासून आत धूम्रपानाला बंदी आहे, चहा-कॉफी मिळते, आणि पालकांबरोबर मुलांनाही रात्री नऊपर्यंत, मे ते सप्टेंबरमध्ये दहापर्यंत बसता येतं. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, पैसे तिथेच.

पारंपरिक संगीताची बैठक साधारण साडेनऊला सुरू होते. मंच नसतो. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, बोझूकी हे तंतुवाद्य आणि बोरान नावाचं चामड्याचं एका हाती वाजवायचं वाद्य घेऊन चार-पाच जण बसतात. एक जण सूर धरतो, बाकीचे ओळखून मिसळतात. त्यांच्या खुर्च्यांवर बसू नका, फ्लॅश मारू नका, आणि कुणी एकट्याने गायला लागलं की बोलणं थांबवा. गॉलवे, डिंगल आणि क्लेअरमधलं डूलिन ही यासाठीची पहिल्या प्रतीची गावं, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत रात्रीचा मुक्काम यांपैकी कुठे आहे का, ते बुकिंगच्या आधीच पाहून ठेवा.